पंचेचाळिसावा दिवस

पहाटे ५:४०

आप्पांचा फोन येतो तेव्हा मी पांघरुणातच आहे. "निघालो बगा ताई. चहा बी घेतला न्हाई."

मी अर्धवट झोपेत तीन प्रश्न विचारते. आधारकार्ड घेतलं का? सोबत कोण आहे? आणि पिशवी? पिशवी म्हणजे साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने प्रत्येक बूथवरच्या प्रतिनिधीच्या हातात दिलेले सतरा-सीचे कागद तिच्यात आहेत. किती मतं यंत्रात पडली याचा तो हिशोब. "मांडीवरच हाय," आप्पा म्हणतात, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो.

आज मंगळवार, ७ जानेवारी २०२५. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे निवडणूक याचिका निकालापासून पंचेचाळीस दिवसांत दाखल व्हावी लागते, आणि बोटांवर मोजलं तरी आज पंचेचाळिसावा दिवस. साध्या अपिलाला उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो. आजारपण, पूर, वकिलाची चूक, काहीतरी कारण लिहिता येतं. इथे ते दार बंद आहे. १९७४ साली हुकुमदेव नारायण यादव विरुद्ध ललित नारायण मिश्र या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मुदत कायद्याची ही सवलत निवडणूक याचिकेला लागू नाही असं सांगून टाकलं. उद्या आणलेली याचिका कितीही खरी असली तरी रद्दीच्या भावाची.

मग इतका उशीर का? कारण हरलेल्या उमेदवाराचे पहिले पंधरा दिवस मशीनला शिव्या देण्यात जातात, पुढचे पक्षाच्या वरच्या लोकांची वाट बघण्यात, आणि वकिलाकडे तो येतो तेव्हा बाजारात कॅलेंडरं नव्या वर्षाची आलेली असतात. आप्पा नाताळच्या आसपास आले.

सकाळी ७:३०

सरांचं ऑफिस जालना रोडपासून आत, एका जुन्या फ्लॅटमध्ये. आमचे कारकून काका माझ्याआधी आलेत. त्यांनी दिवाणखान्याची फरशी मोकळी करून याचिकेच्या प्रतींचे गठ्ठे ओळीने मांडलेत. प्रत्येक गठ्ठ्यावर रबरबँड आणि चिठ्ठी : प्रतिवादी एक, प्रतिवादी दोन, असं सोळापर्यंत.

सोळा का, हे सांगायला हवं. आप्पांना नुसती समोरच्याची निवड रद्द करून नकोय, 'मीच निवडून आलो असं जाहीर करा' ही मागणीही हवी आहे. ती केली की कलम ८२ प्रमाणे रिंगणातल्या प्रत्येक उमेदवाराला प्रतिवादी करावं लागतं, ज्याला दीडशे मतं पडली त्यालाही. एक जरी नाव राहिलं तर कलम ८६ आहेच. कलम ८१, ८२ किंवा ११७ पाळलं नसेल तर न्यायालयाला याचिका फेटाळावीच लागते, तिथे दयामाया नाही. आप्पांचा आग्रह असा की जिल्हाधिकाऱ्यांनाही 'आत घ्या'. त्यांना मी १९८२ चा ज्योती बसू विरुद्ध देबी घोषाल हा निकाल सांगितला. कायद्यात ज्यांची नावं सांगितली आहेत त्यांच्याशिवाय कुणालाही पक्षकार करता येत नाही. त्याच निकालात असंही आहे की निवडून येण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नाही, तो कायद्याने दिला तेवढाच. हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प होते. चाळीस वर्षं राजकारणात घालवलेल्या माणसाला असं सांगणं जिवावर येतं.

काका म्हणतात, "मॅडम, एकशे ब्याऐंशी पान तिरकं आलंय सगळ्या प्रतींत." मी बघते. आलंय खरं, पण वाचता येतं. राहू दे म्हणते. काकांना ते पटत नाही. माझी पाठ फिरताच ते झेरॉक्सवाल्याला फोन लावतात.

सकाळी ८:४५

सर चहाचा कप घेऊन शेवटचं वाचन करतात आणि लाल पेनाने परिच्छेद उडवत जातात. मूळ मसुद्यात आप्पांच्या मुलाने दिलेली पैसेवाटपाची अकरा प्रकरणं होती. आता दोन उरली.

"लक्ष्मीदर्शन झालं हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, सर," मी म्हणते.

"सगळा जिल्हा साक्षीला येणार आहे का?"

भ्रष्ट आचरणाचा आरोप करायचा तर कलम ८३ प्रमाणे कोणी केलं, कधी, कुठे, हे जमेल तितकं पूर्ण लिहावं लागतं आणि नमुना २५ मधलं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. 'रात्रीच्या वेळी अज्ञात इसमांनी' अशी सुरुवात असलेला परिच्छेद म्हणजे समोरच्या वकिलाला आयतं दिलेलं ताट. मशीनचंही तेच. आप्पांचं म्हणणं, मतमोजणीच्या दिवशी काही यंत्रांची बॅटरी ९९ टक्के दाखवत होती. कोणत्या बूथचं यंत्र, कंट्रोल युनिटचा क्रमांक काय, तिथल्या सतरा-सीमधला आकडा आणि मोजलेला आकडा यांत फरक किती? तीन बूथांचं उत्तर मिळालं, तेवढं ठेवलं. सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागायची सोय दिली होती, पण तो अर्ज निकालापासून सात दिवसांत करायचा आणि एका यंत्रसंचाला ४७,२०० रुपये भरायचे. ते सात दिवस कोणत्या दुःखात गेले ते वर सांगितलंच.

मतदान केंद्रावरचं चित्रीकरण मागावं असंही आप्पांच्या मुलाला वाटत होतं. २० डिसेंबरला केंद्र सरकारने निवडणूक संचालन नियमांतला ९३ वा नियम बदलला, आणि असलं इलेक्ट्रॉनिक साहित्य सहजासहजी बघायला मिळणार नाही अशी तजवीज झाली. मागणी आम्ही ठेवली आहे. ती किती चालेल याबद्दल सरांनी भुवया उंचावल्या, बोलले काही नाहीत.

सरांच्या टेबलावर १९ डिसेंबरच्या निकालाची प्रत आहे. वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, अमोल कीर्तिकरांनी त्याला आव्हान दिलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने याचिका साक्षीपुराव्यापर्यंत न जाताच फेटाळली. ४८ मतं! गावात सोसायटीच्या निवडणुकीत यापेक्षा जास्त फरक असतो. तरी याचिकेत आवश्यक तपशील नाही म्हटल्यावर फरकाचा आकडा मदतीला येत नाही. लाल पेन चालतंय ते त्यामुळे.

सकाळी १०:३०

आज बोर्डावर माझं एक जुनं मॅटर आहे. मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेतलं. २०१६ च्या शेवटी निवडणूक झाली, कुणालाच बहुमत नाही. दोन गट एकत्र आले आणि त्यांनी रीतसर आघाडी नोंदवली.

हे 'रीतसर' बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. आमदारांनी निकालानंतर कुणाशी घरोबा करावा याला कायद्यात ना नोंदवही आहे ना मुदत. नगरसेवकांना मात्र आहे. महाराष्ट्राच्या नगरपरिषद आणि महापालिका कायद्यांत सोय अशी की निकालाच्या अधिसूचनेपासून एक महिन्याच्या आत निवडणुकीनंतरची आघाडी करून ती नोंदवता येते. एकदा नोंदली की ती निवडणूकपूर्व आघाडीसारखीच समजायची. मग तिचा आदेश मोडणाऱ्या सदस्याला १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा लागू. मला ही तरतूद आवडते. कुणाचं कुणाशी जमलंय ते महिनाभरात सरकारी दप्तरात लिहून टाका, मग पुढे 'आमचं तसं काही ठरलंच नव्हतं' म्हणायला जागा नाही.

तर त्या आघाडीतल्या एकाने सभापतीच्या निवडीत विरुद्ध हात वर केला. अपात्रतेचा अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय, त्याविरुद्ध रिट, स्थगिती. मग तारखा. मध्ये करोना. नगरपरिषदेची मुदत संपून आता प्रशासक बसलेत, नव्या निवडणुका आरक्षणाच्या वादात अडकल्यात.

आमचा पुकारा होतो. न्यायमूर्ती विचारतात, "मुदत कधी संपली?" मी सांगते. समोरचे वकील मान हलवतात. याचिकेत आता काही उरलेलं नाही म्हणून ती निकाली. दोन मिनिटंही लागली नसतील. तो नगरसेवक पात्र होता की अपात्र, याचं उत्तर कुणीच दिलं नाही आणि आता कुणी विचारणारही नाही.

सकाळी ११:३५

आप्पांचा फोन लागत नाही. मग त्यांच्या मुलाचा येतो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली वळणावर उलटलीय, दोन्ही बाजूंना रांग. गाळपाचा हंगाम, जोड-ट्रॉल्या, आणि रस्त्याचं काम अर्धवट. मी सरांना सांगत नाही.

याचिकादाराला स्वतः यावं लागतं ही गंमत नाही. २००९ मध्ये जी. व्ही. श्रीराम रेड्डी यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की निवडणूक याचिका उमेदवाराने किंवा मतदाराने जातीने हजर राहून सादर केली पाहिजे; त्याच्या गैरहजेरीत वकिलाने नेऊन दिली तर ती सादर झालीच नाही. म्हणजे एकशे ऐंशीवर पानांची, सोळा प्रतींची, लाल पेनाने तासलेली ही याचिका आत्ता एका उसाच्या ट्रॉलीवर अवलंबून आहे.

दुपारी १२:२०

आप्पा आले. पांढरा सदरा, गळ्यात मफलर, गुडघ्यापर्यंत धूळ. ट्रॉली सरकवायला स्वतः उतरले होते म्हणे. पिशवी छातीशी धरलेली.

बसल्याबसल्या ते खिशातून वहीचं घडी केलेलं पान काढतात. रात्री लिहिलेलं. "ताई, येवढं घालाच." पानावर लिहिलंय की समोरचा उमेदवार २०१९ ला एका बाजूने मतं मागून निवडून आला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन बसला, पुढे २०२२ ला तिसरीकडे, आणि आता पुन्हा मतदारांपुढे आला, ही मतदारांची फसवणूक असून निवड रद्द व्हावी.

"आप्पा, हे नाही घालता येत."

"कामून? खोटं हाय का?"

"खरं आहे. पण कलम १०० मध्ये निवड रद्द करायची जी कारणं दिलीत त्यांत हे नाही. अर्ज चुकीने स्वीकारला किंवा नाकारला, उमेदवार अपात्र होता, भ्रष्ट आचरण झालं, मतमोजणी चुकली, कायदा मोडला आणि त्यानं निकालावर परिणाम झाला. बाजू बदलणं त्यात कुठेच येत नाही."

"मग ते कुठं येतं?"

"राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात. तिथं निर्णय विधानसभेचे अध्यक्ष करतात."

आप्पा हसतात. खोकला येईपर्यंत हसतात. मग मुलगा हळूच म्हणतो, "आप्पा, आपण बी दोनदा बदलला की पक्ष." आप्पा त्याच्याकडे बघतात, पान पुन्हा घडी करून खिशात ठेवतात आणि पाणी मागतात.

या एका गोष्टीवर मला आप्पांच्या बाजूने बोलावंसं वाटतं, पण सोय नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांचा २८ तारखेला शपथविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टापुढे निवडणुकीनंतर जुळलेल्या या आघाडीलाच हरकत घेणारी याचिका आली. ती फेटाळली गेली. निवडणुकीआधी कोणी कोणाशी जावं आणि नंतर कोणाशी जावं हा न्यायालयाच्या अखत्यारीतला विषय नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं. मला वाटतं ते बरोबरच होतं. न्यायालयाने जाहीरनाम्यांची आणि सभांमधल्या शब्दांची अंमलबजावणी करायची म्हटलं तर आमच्या खंडपीठाला पाच जन्म पुरणार नाहीत. गोव्यात २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना देवळात, क्रॉसपुढे आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. निवडून आलेल्या अकरांपैकी आठ जण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले. जिथे तीन देव पुरले नाहीत तिथे एक न्यायमूर्ती काय करणार?

दुपारी १:३०

बार रूममध्ये डबे उघडतात आणि विषय तोच. आज सकाळपासून फाइलिंगला बऱ्याच निवडणूक याचिका आल्यात. या वेळी आघाडीची भांडणं कोर्टात आली नाहीत, हेही कुणीतरी म्हणतं. महायुतीला २८८ पैकी दोनशे तीसच्या आसपास जागा, एकट्या भाजपला १३२. राज्यपालांनी कुणाला बोलवावं हा प्रश्नच नव्हता. मुख्यमंत्री कोण यावर बारा दिवस गेले तेवढेच.

माझ्या शेजारी बसलेले ज्येष्ठ वकील २०१९ चा नोव्हेंबर दिल्लीत घालवून आलेले. त्यांना तो आठवडा तासांनिशी पाठ आहे. शनिवार, २३ तारीख, पहाटे ५:४७ ला राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी. रविवारी सुट्टीच्या दिवशी सुप्रीम कोर्टात सुनावणी. सोमवारी युक्तिवाद. मंगळवारी साडेदहाला न्यायमूर्ती रमणा, भूषण आणि खन्ना यांचा आदेश : उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत सिद्ध करा, मतदान गुप्त नको, चित्रीकरण थेट दाखवा. त्या दुपारीच दोघांचे राजीनामे. "आदेशात बहुमत कोणाकडे आहे याबद्दल चकार शब्द नव्हता," ते डब्यातली मेथीची भाजी माझ्याकडे सरकवत म्हणतात, "फक्त वेळ सांगितली होती. सरकार त्या वेळेनं पडलं."

हे मला पटतं. १९९४ च्या बोम्मई निकालाने बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचं हे ठरवून दिलं. त्यानंतर अशा प्रत्येक खटल्यात कोर्टाच्या हातात खरं तर एकच कळ उरली, मोजणी कधी. गोव्यात मार्च २०१७ मध्ये काँग्रेसच्या १७ जागा, भाजपच्या १३, तरी राज्यपालांनी बोलावलं मनोहर पर्रीकरांना. काँग्रेस कोर्टात गेली, तर न्यायमूर्तींनी विचारलं की पाठिंब्याची पत्रं घेऊन तुम्ही राज्यपालांकडे का गेला नाहीत. मग दोन दिवसांनी मतदान ठेवलं आणि पर्रीकर २२ विरुद्ध १६ ने जिंकले. सरकारिया आयोगाने राज्यपालांसाठी क्रम लावून दिला होता : आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतर जुळलेले. तो क्रम पाठ असलेले काँग्रेसवाले थांबले, आणि पत्रं गोळा करणारे पुढे गेले. कर्नाटकात २०१८ ला राज्यपालांनी येडियुरप्पांना पंधरा दिवस दिले होते. कोर्टाने मध्यरात्री बसून सुनावणी घेतली, शपथविधी रोखला नाही, पण पुढच्या आदेशाने ते पंधरा दिवस दीडावर आणले. त्यांनी मतदानाआधीच राजीनामा दिला.

"आणि २०२२?" कोपऱ्यातून एक नवखा वकील विचारतो.

तिथे सगळे एकदम बोलू लागतात. २९ जून २०२२ च्या रात्री नऊच्या सुमारास कोर्टाने दुसऱ्या दिवशीच्या बहुमत चाचणीला स्थगिती नाकारली आणि ठाकरेंनी त्याच रात्री राजीनामा दिला. साडेदहा महिन्यांनी, ११ मे २०२३ ला, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ म्हणालं की राज्यपालांकडे चाचणी बोलवायला पुरेसा आधारच नव्हता. पण राजीनामा स्वतःहून दिला गेला, तेव्हा ते सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचं अध्यक्षांनी वाजवी मुदतीत ठरवावं. अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला, कुणीच अपात्र ठरलं नाही. त्यावरचे वाद अजून पडून आहेत आणि ज्या विधानसभेतल्या आमदारांबद्दल ते आहेत ती विधानसभा नोव्हेंबरमध्ये संपलीसुद्धा.

सकाळचा माझा नगरसेवक मला आठवतो. मी डबा बंद करते.

दुपारी २:३०

ऑफिसात सह्यांचा कारखाना सुरू. कायदा पानापानावर सही मागत नाही. प्रत्येक प्रत ही मूळ याचिकेची खरी प्रत आहे, असं याचिकादाराने स्वतःच्या सहीने प्रमाणित करावं एवढंच म्हणतो. पण सरांचा नियम, प्रत्येक पान. सोळा प्रती, ऑफिसच्या वेगळ्या. हिशोब तीन हजारांच्या वर जातो.

आप्पांची सही मोठी, पहिलं अक्षर कोंबड्याच्या तुऱ्यासारखं उंच आणि शेवटी दोन टिंबं. पहिल्या शंभर पानांवर टिंबं ठसठशीत आहेत. तिसऱ्या प्रतीपर्यंत एक टिंब उरलं. सातव्या प्रतीत तुरा वाकला. काका पानं सरकवतात, मुलगा शिक्का मारतो, मी पाठोपाठ क्रमांक तपासते. 'सत्यप्रत' या शिक्क्याची शाई हिवाळ्यामुळे की काय नीट उमटत नाही. काका तो तोंडाजवळ नेऊन त्यावर गरम श्वास सोडतात आणि मारतात. एकशे ब्याऐंशी पान आता सरळ आहे, सगळ्या प्रतींत. काकांनी ते कधी बदलून आणलं कुणास ठाऊक.

"ग्रामपंचायतीला उभा व्हतो तवा अंगठेवाले बी व्हते सदस्य," आप्पा मनगट चोळत म्हणतात, "त्यांचं बरं व्हतं."

मधेच मुलाच्या लक्षात येतं की परिशिष्टांवर सह्या नाहीत. कलम ८३ चं दुसरं पोटकलम : याचिकेला जोडलेल्या परिशिष्टांवरही याचिकेसारखीच सही आणि सत्यापन हवं. सगळे गठ्ठे पुन्हा उलटे. सर आतल्या खोलीतून एकदाच डोकावतात, घड्याळाकडे बघतात, परत जातात. मग नोटरीपुढे नमुना २५ चं प्रतिज्ञापत्र. कोणती वाक्यं माझ्या माहितीप्रमाणे खरी, कोणती मिळालेल्या माहितीवरून खरी, हे वेगवेगळं. नोटरी वाचून दाखवतात आणि दोन पैसेवाटपांच्या उल्लेखाशी थांबून विचारतात, "हे तुम्ही बघितलंय?" आप्पा म्हणतात, "ऐकलंय. लिवलंय तसंच, ऐकलंय म्हणून." नोटरी मान डोलावतात.

दुपारी ३:५०

फाइलिंगच्या खिडकीशी रांग. आमच्यासारखेच दोन-तीन गठ्ठे, आमच्यासारखेच थकलेले उमेदवार, आणि त्यांच्यातला एक जण आप्पांचा जुना सहकारी निघाला, सध्या विरुद्ध पक्षात. दोघांनी हात मिळवले. "तुमचं बी मशीनच का?" "व्हय की."

कलम ११७ ची अनामत दोन हजार रुपये. आजच्या दिवसात ही रक्कम ऐकून कुणालाही हसू येईल, पण ती याचिका सादर करतानाच भरावी लागते, मागाहून नाही. पावती जोडली. कर्मचारी प्रती मोजतात, आप्पांना पुढे बोलावतात, आधार बघतात. आप्पा दोन्ही हातांनी मूळ याचिका उचलून आत देतात. शिक्का पडतो, तारीख ७ जानेवारी. मी पोचीवरची तारीख पुन्हा वाचते आणि त्यानंतरच सरांना मेसेज करते.

संध्याकाळी ५:१५

कोर्टासमोरच्या टपरीवर चहा. सकाळपासून आप्पांच्या पोटात हा पहिला चहा असावा. भजीही मागवलीत.

"आता किती दिवस?" ते विचारतात.

कलम ८६ मध्ये लिहिलंय की सुनावणी शक्यतो रोजच्या रोज चालवावी आणि सहा महिन्यांत संपवण्याचा प्रत्येक प्रयत्न करावा. मी ते सांगते. पुढे काही सांगत नाही, पण आप्पा खमके. "प्रयत्न म्हंजी?"

मग मी विलेपार्ल्याचं सांगते. डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक, शिवसेनेचे पाठबळ असलेले डॉ. रमेश प्रभू निवडून आले. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे कोर्टात गेले, मुद्दा धर्माच्या नावाने मतं मागितल्याचा, बाळासाहेब ठाकरेंच्या भाषणांचा. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द केली. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला ११ डिसेंबर १९९५ ला. निवड रद्दच राहिली, पण ती विधानसभा १९९० मध्येच संपली होती. बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढल्याचं जाहीर झालं जुलै १९९९ मध्ये. त्याच ११ डिसेंबरला मनोहर जोशींचाही निकाल लागला, १९९० च्या दादरच्या निवडणुकीचा. उच्च न्यायालयाने रद्द केलेली निवड सुप्रीम कोर्टाने कायम केली. तोवर जोशी मुख्यमंत्री होऊन बसले होते.

"म्हंजी माझा निकाल लागंल तवा पुढची निवडणूक आलेली असंल."

"लवकरही लागतो कधी. वायव्य मुंबईचा साडेसहा महिन्यांत लागला."

"त्यो हरलेल्याच्या इरुद्ध लागला ना?"

मी भजी घेते. पंचेचाळीस दिवसांची अट कडक असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. निवडून आलेल्या माणसाच्या मानेवर वर्षानुवर्षं नव्या याचिकांची टांगती तलवार ठेवून कारभार होत नाही. माझी तक्रार इतकीच की एक दिवस उशीर झाला तर याचिकादाराला घरी पाठवणाऱ्या कायद्याने पुढचं सगळं 'प्रयत्न करावा' या दोन शब्दांवर सोडलं. सरकार कोणाचं हे ठरवायला सुप्रीम कोर्ट रविवारी बसू शकतं, तर एका मतदारसंघाचा आमदार कोण हे ठरवायला उच्च न्यायालयं फक्त निवडणूक याचिकांसाठी एकेक न्यायमूर्ती वर्षभर मोकळे करून का देत नाहीत, हे मला समजलेलं नाही. न्यायमूर्तींच्या रिकाम्या जागा हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खोटंही नाही.

आप्पा पैसे द्यायला पुढे होतात, मी अडवत नाही. गाडीत बसताना ते पिशवी माझ्याकडे देतात. "तुमच्याकडंच राहू द्या. घरी उंदरं हायेत."

संध्याकाळी ७:४०

ऑफिसात सर एक नवीन फाइल पुढे करतात. दुसऱ्या जिल्ह्यातले, दुसऱ्या पक्षाचे विजयी आमदार. त्यांच्याविरुद्ध आजच याचिका पडलीय. समन्स यायला वेळ आहे, प्रत हातात नाही, पण मुद्दे काय असणार ते पंचेचाळिसाव्या दिवशी सगळ्यांनाच ठाऊक असतं. लेखी जबाबाआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली याचिका सुरुवातीलाच फेटाळण्याचा अर्ज करायचाय. समोरच्याने स्वतःला निवडून आल्याचं जाहीर करा असं मागितलं असेल तर कलम ९७ ची नोटीस, सुनावणी सुरू झाल्यापासून चौदा दिवसांत. "मसुदा शुक्रवारपर्यंत," सर म्हणतात, "कच्चे दुवे कुठे असतात ते तुला आज चांगलं समजलं असेल."

काका गठ्ठ्यांची रबरबँड गोळा करून डब्यात भरतायत. मी आप्पांच्या याचिकेची ऑफिस कॉपी ओढून घेते आणि या वेळी समोरच्या बाजूने वाचायला बसते. परिच्छेद चौदा. गाव आहे, तारीख आहे, वाटणाऱ्याचं नाव आहे. तो उमेदवाराच्या संमतीने वाटत होता, हे कुठेच लिहिलेलं नाही.

दुरुस्ती मागता येईल का, हे उद्या सरांना विचारायचं. तूर्त नव्या फाइलच्या पहिल्या पानावर मुद्दा क्रमांक एक म्हणून लिहून घेते : संमतीबद्दल कथन नाही.